पुरस्कार आणि प्रेक्षक

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला परदेशी कथापटांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. बातमी वाचून आपण हरखलो; पण आपल्यापैकी कितीजणांनी तो पाहिला?

वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांच्या प्रेमाची ही कथा. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात आणि आनंद अवघडतो. असे आनंद आपल्याही वर्गात बसत असतील. पडद्यावर स्वतःला पाहण्याचा त्यांचा हक्क परीक्षकांच्या कौतुकाने भागत नाही.

गोरखपूरला २००६ साली ‘प्रतिरोध का सिनेमा’ हा महोत्सव बड्या प्रायोजकांविना, लोकांच्या मदतीवर सुरू झाला. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्याला हे का जमू नये? सभागृह आहे, पडदा आहे. निर्मात्यांची रीतसर परवानगी तेवढी मागावी. खेळानंतर मोकळी चर्चा व्हावी. कोणी नाके मुरडतील, मुरडोत बापडे! त्या चर्चेचा वृत्तान्त पुढील अंकात वाचायला मिळावा, एवढीच अपेक्षा.