७ मे : मजुराची हजेरी कापू नका



मंगळवारी, ७ मे २०२४ रोजी, कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचं मतदान आहे. वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ६. मत कुणाला द्यायचं हे कंपनी सांगणार नाही. आपल्यात सगळ्या पक्षांचे सभासद आहेत आणि सगळ्यांचा गूळ एकाच काट्यावर चढतो. आज बोलायचंय ते आपल्याकडं राबणाऱ्या माणसांविषयी.

सध्या एकच तक्रार कानावर येते : "भांगलायला बायका मिळंनात, सगळ्या प्रचाराला." उसाची भरणी, खोडव्याची मशागत, भुईमुगाची काढणी, सगळं एकदम आलंय, हे खरं. पण ५ तारखेला प्रचार थांबेल, आणि जूनमध्ये पेरणीच्या वेळी माणसं मिळणार आहेत का? नाही. टंचाई निवडणुकीनं आणलेली नाही, निवडणुकीनं ती फक्त उघडी पाडली. गावातली पोरं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत गेली. तिथल्या फौंड्रीत आणि इचलकरंजीच्या मागावर यूपी-बिहारची माणसं राबतात. आपला ऊस बीडकडच्या टोळ्या तोडतात. त्यांचं मतदान तिकडं १३ मे रोजी आहे. म्हणजे साखरेचा जिल्हा म्हणून आपण मिरवतो, पण तो उभा आहे दुसऱ्याच्या हातांवर.

म्हणून पहिली गोष्ट. मतदानाला पगारी सुट्टी देणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मालकावर बंधनकारक नियम आहे. रोजंदारीवरच्या माणसालाही तो लागू आहे. आपलं पॅकिंग शेड ७ तारखेला बंद राहील आणि हजेरी पूर्ण पडेल. आता शेतातली बाई कायद्याच्या कुठल्या शब्दात बसते याचा कीस पाडू नका. धारा चुकत नाहीत, जनावरं उपाशी ठेवता येत नाहीत, हे सगळ्यांना कळतं. पण भरणी एक दिवस पुढं गेली म्हणून ऊस वाळत नाही. ज्यांना बोलवावंच लागेल त्यांना सकाळी आधी मतदान करून येऊ द्या, आणि पैसे पूर्ण दिवसाचे द्या. काहीजण म्हणतील, "असं केलं तर परवडंल का?" वर्षातनं एका दिवसाच्या हजेरीनं कुणी बुडत नाही. पण "यांनी मतदानादिवशी पैसं कापलं" ही गोष्ट टोळी विसरत नाही, आणि पुढच्या भांगलणीला ती दुसऱ्याच्या बांधावर दिसते.

मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, मनरेगा जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. मात्र यादीत नाव पाहिजे. आपल्याकडच्या मजुरांना हे आजच सांगा.

दुसरी गोष्ट. दारात येणाऱ्या कार्यकर्त्याला नुसतं "ऊसदराचं काय?" विचारून सोडू नका. हे तीन प्रश्न विचारा.

१) २०२४-२५ साठी एफआरपी क्विंटलला ३४० रुपये जाहीर झाली, चांगलं झालं. पण साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ पासून ३,१०० रुपयांवरच आहे. मग कारखान्यानं बिल वेळेवर द्यायचं कशातनं?

२) ७ डिसेंबर २०२३ ला, गाळप सुरू असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक बंदी आली आणि आठवड्याभरात थोडी सैल झाली. असे निर्णय हंगामाआधी का घेत नाहीत?

३) मनरेगाची मजुरी १ एप्रिल २०२४ पासून दिवसाला २९७ रुपये झाली. शेतमजुराच्या विम्याचं, म्हातारपणाचं काय? एमआयडीसीत पोराचा पीएफ कापला जातो, शेतात त्याच्या आईच्या नावावर काय जमा होतं?

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. माझ्या मते तोच आपल्या धंद्याचा पहिला प्रश्न आहे. दर मिळाला आणि तोडायला माणूस नसला, तर त्या दराला करायचं काय?

शेवटी एक सूचना. निवडणूक प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत आचारसंहिता आहे. ५० हजारांपेक्षा जास्त रोकड जवळ असेल तर अडतीची पट्टी किंवा बँकेची स्लिप सोबत ठेवा, नाहीतर तपासणी पथक पैसे जप्त करू शकतं. जमलं तर पट्टीचे पैसे खात्यावरच घ्या.

मंगळवारी आपण जा, घरच्यांना न्या, आणि आपल्या गाडीत जागा असेल तर गाडीच्या हौद्यात नाही, शेजारच्या सीटवर मजुराला बसवून न्या. मात्र मत कुणाला द्यायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी