संगणकालाही सराव परीक्षा हवी

'लातूर पॅटर्न' हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा विद्यार्थी महाराष्ट्रात विरळाच. लातूर काय किंवा नांदेड काय, दोन्हीकडे भर असतो तो सराव परीक्षांवर. त्यामागचे तत्त्व साधे आहे : चुका सरावात कराव्यात, म्हणजे त्या खऱ्या परीक्षेत होत नाहीत. मग हेच तत्त्व संगणक कक्षाच्या दाराशी येऊन का अडते? तेथे विद्यार्थ्याला पहिली सूचना मिळते ती 'कशालाही हात लावू नकोस' हीच!

शिक्षकांची भीती निराधार नाही. संगणक महाग असतो. तो बिघडला तर दुरुस्त करणारा कधी येईल याचा नेम नसतो. परंतु या भीतीवर उपाय आहे. त्याचे नाव आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन.

संगणकाचा सारा कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. विंडोजच्या संगणकातच आणखी एक संगणक असल्याचा भास निर्माण करून त्यात लिनक्स चालवता येते. ही कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली. १९९९ मध्ये ती व्हीएमवेअरमुळे टेबलावरच्या संगणकावर आली, आणि २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य मिळू लागले.

आभासी यंत्राची हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरील एक मोठी फाइल. मेमरीचाही थोडा वाटा त्याला द्यावा लागतो. संगणकाची मेमरी ८ जीबी असेल, तर २ जीबीत हलकेसे लिनक्स चालते. सुरुवातीलाच त्याच्या स्थितीची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवावी. मग विद्यार्थ्याने आतल्या महत्त्वाच्या फाइली पुसून टाकल्या, तरी थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते. बाहेरचे विंडोज जागच्या जागी!

अर्थात मर्यादाही आहेत. आभासी यंत्र थोडे मंद चालते, आणि त्यात विंडोज घालायचे तर वेगळा परवाना लागतो. लिनक्सला तो खर्च नाही. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही मिळतात.

आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. ते भंगारात काढण्यापूर्वी एका बऱ्या संगणकावर आभासी लिनक्स चालवून पाहावे. मराठी टंकलेखन जमते का, नेहमीची कामे होतात का, हे तपासावे आणि मगच निर्णय घ्यावा.

'हे परीक्षेत येणार आहे का?' असे कोणी विचारील. कदाचित येणार नाही. पण यंत्र का बिघडले आणि ते पुन्हा कसे उभे राहिले, हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला यंत्राची भीती राहत नाही. गुरुजनहो, कक्षातला निदान एक संगणक मुलांना मोडायला द्या!