सात सीटर स्वस्त झाली, पण मागच्या सीटवर बसणार कोण? गाडी घेण्याआधी वापरणाऱ्यांचं ऐका

नवी मुंबई : कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागात सातारा जिल्ह्यातली किती माणसं राहतात, हे गौरी-गणपतीच्या आदल्या रात्री कळतं. वाशीच्या बाजार समितीत माथाडी काम करणारी पाटण, जावळी, कोरेगावकडची कुटुंबं गावाला निघतात. काही वर्षांपूर्वी ही माणसं एसटी नाहीतर ट्रॅव्हल्सच्या रांगेत उभी असायची. आता बऱ्याच घरांसमोर स्वतःची गाडी दिसते आणि नवी घ्यायची म्हटली की मागणी एकच असते, सात सीटर पाहिजे.

त्यामागचं कारणही खरं आहे. घरात आई-वडील, नवरा-बायको, दोन पोरं आणि एखादा भाऊ किंवा पुतण्या असतो. गावची जत्रा असते, लग्नसराई असते. रात्री एक वाजता गावाकडून मयताचा फोन आला तर त्या वेळी कुठली एसटी मिळणार? त्यामुळे गाडीचा हप्ता नवी मुंबईतला पगार भरत असला, तरी कुठली गाडी घ्यायची यात गावचं मत असतंच. उसाच्या बिलातले चार पैसेही कधी कधी त्यात पडतात.

कर कुणाचा किती उतरला?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि शोरूमला गर्दी झाली. नियम असा आहे : गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल-सीएनजीचं १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल, तर कर १८ टक्के. त्यापेक्षा मोठ्या गाडीला सरसकट ४० टक्के.

बोलेरो आणि बोलेरो निओ या १४९३ सीसी डिझेलच्या, ४ मीटरच्या आतल्या गाड्या. त्यांचा एकूण कर ३१ वरून १८ टक्क्यांवर आला. कंपनीने या दोन्हींवर १ लाख २७ हजारांपर्यंत कपात जाहीर केली. रेनॉची ट्रायबरही ४ मीटरच्या आत आणि ९९९ सीसीची, म्हणून तीही १८ टक्क्यांत बसली. अर्टिगा मात्र १४६२ सीसी आणि जवळपास ४.४ मीटर लांब, म्हणून ती ४० टक्क्यांत राहिली. स्कॉर्पिओ-एन, सफारी, इनोव्हा यांनाही ४० टक्केच. मोठ्या एसयूव्हीवर आधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत कर होता, त्यामुळे त्याही उतरल्या.

म्हणजे टक्क्यांच्या हिशोबाने सगळ्यात जास्त फायदा ४ मीटरच्या आतल्या सात सीटरला झाला. घोळ इथेच आहे. ४ मीटरमध्ये सात माणसं बसवायची म्हणजे कुणाच्या तरी गुडघ्याची जागा जाणार, आणि ते कुणीतरी मागच्या सीटवरच असतं.

वापरणारे काय सांगतात?

बोलेरोवाले इंजिनाची तक्रार सहसा करत नाहीत. गावचा कच्चा रस्ता, चिखल, वर टाकलेलं ओझं, सगळं ती सोसते. तालुक्याचा मेस्त्रीही तिला ओळखतो. तक्रार आहे मागच्या आडव्या सीटची. तिथं माणूस समोर नाही, बाजूला तोंड करून बसतो. बोरघाट आणि जाताना खंबाटकीचा चढ, दोन्हीकडे मागं बसलेल्या पोरांना उलट्या होतात. तास-दीड तासाला गाडी थांबवावी लागते.

ट्रायबरची मागची सीट काढून ठेवता येते. शहरात वळवायला, लावायला ती सोपी. पण एक लिटरच्या इंजिनावर सात जण आणि एसी घेऊन घाट चढताना दम लागतो. चार-पाच जणांच्या घराला, कधीतरी दोघं वाढले तर, ती चालून जाते.

अर्टिगा कागदावर एसयूव्ही नाही, तरी या वाटेवर ती पावलोपावली दिसते. सीएनजीमुळे खर्च आटोक्यात राहतो आणि मागं मध्यम बांध्याचा माणूस नीट समोर तोंड करून बसतो. अडचण सामानाची. सीएनजीची टाकी डिकीत येते. सात जण बसले की गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं आणि शेंगांची गोणी ठेवायला जागा उरत नाही. मग वरती कॅरिअर लावावं लागतं. गावचा रस्ता फार खराब असेल तर भरलेली गाडी खाली घासते, हेही वापरणारे सांगतात.

स्कॉर्पिओ-एनची ताकद आणि रुबाब यावर वाद नाही. पण मागची सीट उघडली की डिकी जवळपास संपतेच, आणि म्हाताऱ्या माणसाला तिथं चढून जाणं अवघड. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० जास्त आरामशीर, तरी मागची जागा पोरांचीच समजायची. मोठी माणसं मागं बसवून पाच-सहा तास न्यायची असतील तर इनोव्हाचं नाव निघतं, पण ती रस्त्यावर येईपर्यंत वीस लाखांच्या पुढे जाते.

एक चूक बरेच जण करतात. स्कॉर्पिओ-एन, सफारी, एक्सयूव्ही ७०० यांची काही मॉडेल सहा सीटर असतात. मधे दोन वेगळ्या खुर्च्या दिसायला छान, पण आरसीवर सहाच माणसं येतात. बुकिंगच्या पावतीवर सीटचा आकडा वाचून घ्यावा.

डिझेल की सीएनजी?

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी सलग वेगात चालली की तो आतली काजळी जाळून स्वतः साफ होतो. कोपरखैरणेहून वाशी आणि परत, एवढंच रोजचं चालवणं असेल तर काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गॅरेजची फेरी पडते. महिन्या-दोन महिन्याला गावाला जाणाऱ्याला हा त्रास कमी. गाडी आठ-आठ दिवस उभीच राहणार असेल, तर डिझेलचा हट्ट कशाला?

जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्यांनी एक बघावं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीची असेल तर कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचूनच सौदा करावा.

हप्त्यात गेलेली सूट

शोरूममध्ये हप्ता कमी दाखवण्यासाठी मुदत वाढवली जाते. १२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २४ हजार ९०० रुपये आणि एकूण व्याज २ लाख ९५ हजारांच्या आसपास. तेच कर्ज ७ वर्षांचं केलं तर हप्ता १९ हजार ३०० वर येतो, पण व्याज होतं ४ लाख २२ हजार. फरक १ लाख २७ हजारांचा. बोलेरोवर जाहीर झालेली जास्तीत जास्त कपात होती तेवढाच.

दुसरा हिशोब. १२ लाखांऐवजी ७ लाखांचं कर्ज काढून पाच सीटर घेतली तर ५ वर्षांच्या मुदतीत हप्ता साधारण १० हजार ४०० रुपयांनी कमी बसतो. वर्षाला ते सव्वा लाख होतात. सात जण एकत्र जाण्याची वेळ वर्षातून चार-पाचदाच येत असेल, तर तेवढ्यात भाड्याची मोठी गाडी आरामात होते. आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीने लग्नाची भाडी मारून हप्ता काढू, असंही काही जण म्हणतात. ते बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा अडकतो.

गाडी लावायची कुठं, हाही प्रश्न आहेच. सिडकोच्या जुन्या वसाहतींच्या गल्ल्यांत ४.७ मीटरची गाडी रोज रात्री लावणं म्हणजे शेजाऱ्याशी रोजचं भांडण. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असा विचार परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये मांडला होता.

मागच्या सीटवरचा जीव

हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, पण ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावला नव्हता. मागं बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे आणि नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. बोलेरोसारख्या आडव्या सीटवर बेल्टची सोयच नसेल तर काय लावणार? धडक बसली की तिथलं पोर थेट पुढं फेकलं जातं.

टक्कर चाचणीचे तारेही बघावेत. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले, बोलेरो निओला २०२४ मध्ये एकच. सफारीला भारत एनकॅपमध्ये २०२३ ला पाच तारे मिळाले. पण सात सीटरमध्ये नऊ जण कोंबले, मांडीवर पोरं घेतली, तर पाच तारेही कामाला येत नाहीत.

म्हणून शोरूमला जाताना एकट्याने जाऊ नये. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात उंच पोराला सोबत न्यावं. दोघांना मागच्या सीटवर अर्धा तास बसवून, एसी लावून, गाडी चालवून बघावी. मागं बेल्ट आहे का, पडद्याची एअरबॅग तिथंपर्यंत येते का, हे विचारावं. मग तीच गाडी दोन वर्षं वापरणारा गावातला किंवा सोसायटीतला माणूस गाठावा. मायलेज किती, हे सगळेच विचारतात. त्याला एवढंच विचारावं की गेल्या गणपतीला मागं कोण बसलं होतं, आणि परत येताना ते तिथं बसायला तयार होतं का.