लवकर गेलेल्यांची चलती

ग्रंथप्रदर्शनात या आठवड्यात माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ कादंबरी इतिहासाच्या टेबलावर दिसली, तीही सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’ला खेटून. विक्रेत्याला टोकलं, तर तो म्हणाला, ‘साहेब, लोक तिथंच शोधतात.’ घ्या! कादंबरीलाच इतिहास मानण्याच्या आपल्या खोडीबद्दल मी इथं कंठशोष करतो, तेव्हा अतिशयोक्ती केल्याची पत्रं येतात.

रणजित देसाईंची लेखणी लाघवी, याबद्दल वाद नाही. १९६२ साली आलेली कादंबरी अजून हातोहात खपते, हे काही उगाच नव्हे. पण वाचकाच्या लक्षात काय राहतं? राक्षसभुवनला निजामाला नमवलं ते साल विचारा, डोकं खाजवतील. आळेगावला पुतण्याने काकांपुढे घेतलेली माघार तर विसरूनच गेलेले असतात. थेऊर मात्र पाठ. क्षयाने पोखरलेला सत्तावीस वर्षांचा पेशवा, उशाशी रमा आणि मग ती सती! त्या चितेभोवती देसाई इतका गोडवा पसरतात की एका तरुण बाईला जिवंत जाळलं, हे वाचकाला टोचतच नाही. थेऊरला रमाबाईंच्या स्मारकापुढे जे हात जुळतात, ते देसाईंच्या रमेला.

आता ना. सं. इनामदारांची ‘मंत्रावेगळा’ पाहा. नायक दुसरा बाजीराव. १८१८ला माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांचा तनखा घेत १८५१पर्यंत बिठूरला जगला. ना क्षय, ना अकाली मरण. अशा बदनाम माणसाची बाजू वाचकाला ऐकायला लावणं किती अवघड! इनामदारांनी ते केलं. माधवरावांवर जीव जडवायला लेखकाची निम्मीच मेहनत लागते, उरलेली नियतीने आधीच केलेली असते. पण ‘स्वामी’ घरोघरी, आणि ‘मंत्रावेगळा’ मागितली की दुकानदार माळ्याकडे बघतो.

माझा सिद्धान्त साधा आहे. मराठी वाचकाला अकाली गेलेला नायक लागतो. ‘छावा’ घ्या, ‘मृत्युंजय’ घ्या. ‘श्रीमान योगी’चं काय, असं कुणी विचारेलच. महाराजही पन्नाशीतच गेले की! बाजीराव पंचाहत्तरी गाठून गेला, हाच त्याचा वाङ्मयीन गुन्हा.

तेव्हा या मोसमात ‘स्वामी’ भेट देणाऱ्यांनी सोबत ‘मंत्रावेगळा’ही बांधून घ्यावी. आणि विक्रेतेबुवा, दोन्ही कादंबऱ्यांच्या टेबलावर ठेवा.