एकट्याच्या भरवशावर पेढी

आपल्या व्यापारी बांधवांच्या पेढीवर संगणक सांभाळणारा बहुधा एकच माणूस असतो. प्रिंटर अडला, त्याला हाक. जीएसटीचे बिल निघेना, त्यालाच हाक. या धावपळीत न दिसणारी कामे मागे पडतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील संगणकांना टाळे ठोकले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. बहुतेक ठिकाणी तो बसवायचाच राहून गेला होता. म्हणून मालकांनी या माणसाला आठवड्यातून एक सकाळ मोकळी द्यावी. त्या वेळात त्याने संगणक अद्ययावत करावेत, हिशेबाची प्रत काढून पेढीबाहेर ठेवावी. पासवर्ड लिहून मालकाच्या तिजोरीत असावेत. तो आजारी पडला तरी धंदा चालावा, आणि त्यालाही निवांत रजा मिळावी.