बिननावाची सिरिंज

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या डोसऐवजी १२ बालकांच्या तोंडात सॅनिटायझर गेले. मुले बचावली, कर्मचारी निलंबित झाले आणि बातमी विरली. पण निलंबनाने बाटल्यांच्या जागा बदलत नाहीत.

अशी गफलत आपल्याकडेही होऊ शकते. मिरजगावसारख्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये औषध काढणे, भरणे, टोचणे ही सगळी कामे रात्री बहुधा एकच सिस्टर करते. नगर-सोलापूर रस्त्यावरचा अपघात दारात आला, की बारीक अक्षरे वाचायला तिला उसंत कुठली? म्हणून चुकीचे ॲम्प्यूल हाताला लागणारच नाही, अशी मांडणी करणे हे मालक डॉक्टरांचे काम आहे.

सर्वांत जास्त भीती ऑपरेशन थिएटरमधल्या ट्रॉलीची वाटते. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड आणि स्पायनल भुलीचे ब्युपिव्हॅकेन दोन्ही बिनरंगी. ॲम्प्यूलही अनेकदा सारखेच. सिझेरियनमध्ये एक शिरेतून द्यायचे, दुसरे मणक्यात. ट्रॅनेक्झामिक चुकून मणक्यात गेले तर पाठीत तीव्र वेदना होतात, झटके येतात, हृदयाची लय बिघडते. नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल खास इशारा दिला. ट्रॅनेक्झामिक भुलीच्या औषधांपासून दूर, वेगळ्या खणात ठेवायला एक रुपयाही लागत नाही. पोटॅशियम क्लोराइडही डिस्टिल्ड वॉटरशेजारी नको, कुलपात हवे.

इन्सुलिनची १०० युनिटची व्हायल आणि ४० युनिटची सिरिंज एकत्र आली, तर मात्रा अडीचपट होते. दोन्ही ताकदींचे डबे वेगळे करा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीजही जाते. इन्सुलिनचा साठा आणि ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत हवे. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवा, सकाळ-संध्याकाळ नोंद करा. दाराच्या कप्प्यात औषधे नकोत. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नका.

आता मुख्य आग्रह. सिरिंज भरली की भरणाऱ्यानेच तिथल्या तिथे चिकटपट्टीवर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहावी. उघडलेल्या व्हायलवर उघडल्याची तारीख हवी. ट्रेमध्ये बिननावाची सिरिंज दिसली तर ती टाकून द्यावी, मग ती खुद्द सर्जनने भरलेली का असेना. "माझ्या लक्षात आहे" हे उत्तर कोणाकडूनही स्वीकारू नये. आणि अशी सिरिंज टाकून देणाऱ्या सिस्टरला, औषध महाग होते म्हणून, डॉक्टरांनी एका शब्दानेही बोलू नये.