कॅमेऱ्याच्या मोबाईलची पारख

कोणतेंही नवें यंत्र बाजारांत आलें म्हणजे त्याचे गुण आंकड्यांत सांगण्याची चाल आहे. अमुक इतके मेगापिक्सेल, अमुक इतकी साठवण, असें ऐकून विद्यार्थी मोहून जातात व पालकांस गळ घालतात. आंकडे खोटे नसतात. परंतु त्यांचा अर्थ न समजतां त्यांवर भुलणें शहाणपणाचें नव्हे. हें दाखविण्यासाठीं आम्ही एक जुनेंच यंत्र परीक्षेस घेतों. कारण त्याच्याविषयीं आतां कोणास मोह उरलेला नाहीं.

२००० सालीं शार्प कंपनीनें जपानांत कॅमेऱ्याचा मोबाईल विक्रीस काढला. त्याच्या चित्रांत सुमारें १,१०,००० बिंदू असत. २००३ सालीं नोकियाचा ६६०० निघाला व आपल्या देशांत फार लोकप्रिय झाला. त्याचें चित्र ६४० बिंदू रुंद व ४८० बिंदू उंच, म्हणजे ३,०७,२०० बिंदूंचें. पडदा मात्र १७६ बाय २०८, म्हणजे अवघ्या ३६,६०८ बिंदूंचा. चित्राच्या अष्टमांशाहूनही कमी बिंदू पडद्यावर मावत. म्हणूनच तें हातांत रेखीव दिसे आणि संगणकावर मोठें केलें कीं फुटे. इंचास ३०० बिंदू या मानानें छापल्यास दोन इंचांहून किंचित् रुंद चित्र नीट येई. ओळखपत्रास तें पुरे. भिंतीवर टांगण्यास नव्हे.

त्याचें भिंग एकाच अंतरास बसविलेलें होतें, व फ्लॅशचा दिवा नव्हता. आमच्या जामखेडच्या उन्हांत खर्ड्याच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदी त्यांत बरी उतरे. परंतु सायंकाळीं घरांतील माणसें सांवल्यांसारखीं दिसत. सातबाऱ्याचा उतारा टिपूं गेल्यास अक्षरें दिसत, पण मात्रा व अनुस्वार पुसट होत. आणि मराठींत अनुस्वार गेला तर 'वंश'चा 'वश' होतो.

मग हें यंत्र टाकाऊ होतें काय? आमच्या मतें नव्हतें. फिल्मच्या कॅमेऱ्यांत छत्तीस चित्रें संपेपर्यंत थांबावें लागे, मग तीं धुऊन येईपर्यंत वाट पाहावी लागे. येथें चित्र तत्काळ दिसे, नकोसें असल्यास पुसतां येई, आणि ब्लूटूथनें शेजारच्या यंत्रांत धाडतां येई. चित्रकार म्हणून तें यंत्र दुबळें होतें, निरोप्या म्हणून समर्थ होतें. ज्यानें त्याच्याकडून निरोप्याचें काम घेतलें, त्याचे पैसे वसूल झाले. ज्यानें भिंतीवरची तसबीर मागितली, तो निराश झाला. दोष यंत्राचा नव्हे, मागणीचा.

आज १०८ मेगापिक्सेलचे मोबाईल मिळतात. त्यांतील पुष्कळ यंत्रें नेहमीच्या चित्रासाठीं नऊ नऊ बिंदूंचा एक बिंदु करून १२ मेगापिक्सेलचेंच चित्र देतात. म्हणजे आंकडा वाढला तरी प्रश्न जुनाच: भिंग कसें, प्रकाश किती, आणि काम कोणतें?

कोणी म्हणेल, मुलांच्या हातीं उत्तम साधन कां देऊं नये? अवश्य द्यावें, पण साधनापूर्वीं शिक्षण द्यावें. १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे यांनीं याच गांवीं आरोग्याचें कार्य आरंभिलें, तेव्हां त्यांनीं खेड्यांतील निरक्षर स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. मोठीं यंत्रें नसतांही शिकलेल्या हातांनीं कार्य केलें, हा धडा आमच्या दाराशींच आहे.

आणखी एक कसोटी कोणत्याही जाहिरातींत छापत नाहींत. जो कॅमेरा सदैव खिशांत असतो, तो दुसऱ्याच्या अब्रूच्याही सदैव जवळ असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई प्रमाणें एखाद्याचें खासगी अवस्थेंतील चित्र त्याच्या संमतीवांचून घेणें अथवा पसरविणें यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. परंतु कायद्याच्या भीतीहून सभ्यतेची संवय बरी. चित्र घेण्यापूर्वीं 'घेऊं का?' असें विचारणें, आणि 'नको' म्हटल्यास हात खालीं करणें, हा गुण विकत मिळत नाहीं. तो घरीं व शाळेंत लावावा लागतो. पालकांनीं मोबाईल घेतांना आंकडे जरूर पाहावे. पण घेण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें कीं, याचें तुला काम काय?